रविवारची सुकती

आमची सून दिपाली भित्री आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगतो आणि ती हसते. पण कशी भित्री, ते ऐका. गॅसचं बटण ती तीनदा बघते. दाराला कडी घालून मढच्या जेटीपर्यंत जाते, तिथून परत येते, कडी हलवून बघते आणि मग पुन्हा निघते. एकदा वर्सोव्याची फेरीबोट तिच्यासाठी थांबली होती. बोटीवरचा सहदेव सगळ्यांसमोर ओरडला, "वहिनी, लागली का कडी? मग बसा आता, लोकांना कामावर जायचंय!"

ती मूळची घाटकोपरच्या डोंगरावरची. तिचा पाण्याशी संबंध नळापुरता. आमच्या परेशने कॉलेजात असताना तिला पसंत केलं आणि कोळीवाड्यात आणली, त्याला आता सोळा वर्षं झाली. समुद्रात तिने अजून घोट्याच्या वर पाय घातला नव्हता. नोकरी मात्र तिच्या स्वभावाला शोभणारी आहे. अंधेरीच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढायच्या. भित्र्या माणसाला याहून चांगलं काम नाही. काय काय बिघडू शकतं याचाच दिवसभर विचार करायचा, आणि त्याचा महिन्याला पगार.

मी स्वतः इथल्याच शाळेत सातवी पास. आमचे गुरुजी घाटावरचे, त्यांना पाणी कळायचं नाही. एकदा मला उभं करून म्हणाले, "सांग रे रामचंद्र, उद्या भरती किती वाजता?" मी म्हटलं, "उद्या एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला पाणी भरलेलं असणार." पुस्तकात नसलेलं गणित त्यांना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ घेऊन स्वतः किनाऱ्यावर जाऊन उभे राहिले आणि ओल्या धोतराने शाळेत आले. त्या दिवसापासून मला गणितात कधी कमी मार्क पडले नाहीत. असो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, एवढं लक्षात ठेवा. ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो, ती त्यानंतर सहा तासांनी.

तीन वर्षांपूर्वी दिपालीने माझ्या मोबाइलवर भरती-सुकतीच्या वेळा दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "हे वीस मिनिटं चुकतंय." दुसरी सून असती तर म्हणाली असती, बाबा, तुमचं घड्याळ चुकतंय. ही दोन रविवार खणत राहिली. तेव्हा तिला कळलं की ते अ‍ॅप स्वतः गणित करतच नाही. 'पाणवेळ' नावाचं एक पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्राम आहे, त्यातून वेळा घेतं. ते पॅकेज बोरिवलीच्या एका गृहस्थांनी लिहून सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय. कोणीही फुकट वापरावं, आत डोकावून बघावं, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी.

मी म्हटलं, "म्हणजे आपल्या वलांड्या." बोंबील वाळत घालायला आम्ही बांबू-दोऱ्यांच्या वलांड्या बांधतो ना, आमच्या आळीच्या वलांडीवर कोणाचेही बोंबील चालतात. पण दोरी सैल झाली की ती आवळायला कोणीतरी लागतो, आणि तो कोण हे आळीत ठरलेलं असतं.

दिपालीने दुरुस्ती पाठवली, ती घेतली गेली. मग आणखी पाच-सहा पाठवल्या. आणि एक दिवस त्या बोरिवलीच्या गृहस्थांचं ईमेल आलं: माझे डोळे आता साथ देत नाहीत, तुम्ही पाणवेळच्या मेंटेनर व्हाल का? मेंटेनर म्हणजे तीच दोरी आवळणारा.

ते वाचल्यापासून चार दिवस ती नीट जेवली नाही. शेवटी मीच तिला घेऊन बोरिवलीला गेलो.

श्यामसुंदर हे बंदर खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. वय माझ्याएवढंच, पण बोलणं मोजून मापून. त्यांच्या पत्नी उत्तराबाई पोहे ठेवता ठेवता म्हणाल्या, "द्या हो एकदाचं कोणाला तरी. जेवतानासुद्धा ह्यांच्या ताटाशेजारी समुद्र असतो."

दिपाली म्हणाली, "सर, माझ्या हातून चूक झाली तर?"

"होईल."

"म्हणजे?"

"म्हणजे होईलच. माझ्याही झाल्यात. तुम्ही घाबरताय, होय ना?"

"खूप."

"मग ठीक आहे. आधी दोघांनी मागितलं होतं. दोघंही अजिबात घाबरले नव्हते. मी त्यांना दिलं नाही."

मग ते दोघं कॉम्प्युटरसमोर बसले. पासवर्ड, सह्या, किल्ल्या असं काय काय त्यांनी तिच्या नावावर केलं. मी पोहे संपवले. परतताना रिक्षात ती माझा हात धरून बसली होती. म्हणाली, "बाबा, मला हो म्हणायचं नव्हतं. पण नाही म्हणायची जास्त भीती वाटली."

घरी सखुबाईने, म्हणजे आमच्या मंडळींनी, मासळीबाजारात जाहीर करून टाकलं की सून मेंटेनर झाली. तिसऱ्या दिवशी शेजारची राधा विचारायला आली, "वहिनी, आमच्या जावयाच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे, येऊन बघाल का?" सखुबाई तिच्यावर उखडली, "लिफ्ट नाय गो, समुद्र! समुद्राचा मेंटेनन्स करते ती!"

आम्ही हसलो. दिपाली हसली नाही. तिला सगळ्यात भीती कशाची वाटायची, ते तिने मला एकदा सांगितलं होतं. "ऑफिसात चूक झाली की साहेब ओरडतो, बाबा. माणूस समोर असतो. इथे कोण कोण वापरतंय ते मला माहीतच नाही. कोणी सांगून घेत नाही. त्या बाजूला तोंडंच नाहीत." रोज सकाळी मोबाइल उघडण्याआधी ती देवाला हात जोडायची. अनोळखी लोकांची पत्रं यायची. कोणी आभार मानायचा, कोणी नोकरालाही लिहू नये असं लिहायचा. तिने दीड वर्षं ते सांभाळलं. प्रत्येक दुरुस्ती चारदा तपासून, मगच बाहेर सोडायची.

मग गेल्या माघात विशाल नावाच्या एका मच्छीमार पोराचं पत्र आलं, की तारखेबरोबर तिथीही दाखवा, आमचे म्हातारे तिथीवर चालतात. मला कोण आनंद! आम्हा म्हाताऱ्यांची कोणीतरी आठवण ठेवली. मी पंचांग घेऊन दिपालीजवळ बसलो. तिला समजावलं, की आपल्याकडे दिवस रात्री बाराला बदलत नाही, सूर्य उगवला की बदलतो. शनिवारी रात्री निघालेली होडी पहाटे चारला पाण्यात असेल, तर ती शनिवारच्याच पाण्यात. सोळा वर्षं ती या घरात हेच ऐकत होती. परेश पहाटे तीनला होडी घेऊन निघतो तेव्हाही आम्ही 'आज रात्री निघाला' असंच म्हणतो.

तिने तसं केलं. यादी तयार झाली, मला दाखवली. "बाबा, नीट बघा हं. बरोबर आहे?"

मी वरून खाली वाचली. शनिवारचं पाणी शनिवारी, रविवारचं रविवारी. म्हटलं, "झकास!"

गुरुवारी संध्याकाळी तिने ती बाहेर सोडली.

रविवारी माघी पौर्णिमा होती. माझी झोप पहाटे साडेचारलाच उघडते. उठून किनाऱ्यावर गेलो. चंद्र पश्चिमेला समुद्रावर उतरलेला, पाणी लांब गेलेलं, किनाऱ्यासमोरचा थोरला खडक पार उघडा पडलेला. सव्वापाचला सुकती पुरी झाली आणि पाणी फिरलं. पौर्णिमेचं उधाण ते. फिरलं की थांबत नाही. मी परत निघालो तर पावणेसहाच्या सुमाराला समोरून बॅटऱ्या घेतलेले लोक आले. बायका, पुरुष, पाठीला पिशव्या लावलेली मुलं. खडकाकडे निघाले होते. मी म्हटलं, छायाचित्रं काढायला आले असतील, किनाऱ्यावरूनच काढतील.

परेश होडीवर गेलेला, घरी दिपाली चहा करत होती. मी ओट्यावर बसून सांगितलं, "शहरातल्या लोकांची गंमत बघ. पाणी फिरल्यावर खडकावर चाललेत. पोरंबाळं घेऊन."

ती म्हणाली, "आज सुकती कितीला होती?"

"सव्वापाचला. तुझ्याच यादीत आहे की, शनिवारच्या खाली."

तिने चिमट्यात धरलेलं भांडं तसंच खाली ठेवलं. "शनिवारच्या खाली?"

"मग? सूर्य कुठे उगवलाय?"

तिने मोबाइल उचलला, रविवार उघडला आणि माझ्यासमोर धरला. सर्वांत वर लिहिलं होतं: सुकती, सहा वाजता.

मला अजून कळलं नव्हतं. तिने त्या सहावर बोट ठेवलं. "बाबा, सहाची सुकती उद्या पहाटेची आहे. आपल्या हिशेबाने ती रविवारची. पण अ‍ॅप वेळा घड्याळाप्रमाणे लावतं, त्यामुळे ती आज पहाटेची दिसते. आपण दोघं सोडून सगळ्या जगाची तारीख रात्री बाराला बदलते, बाबा!"

तेव्हा मला उलगडलं. एवढी वर्षं समुद्रावर काढली, दोन वादळं बघितली, पण असा कधी घाबरलो नव्हतो. खडकावर गेलेले लोक समजत होते की पाणी अजून उतरतंय. सहाला सुकती, म्हणजे सात-साडेसातपर्यंत निवांत. आणि पाणी पाऊण तासापासून वर येत होतं.

थोरला खडक आणि किनारा यांच्यामध्ये एक चर आहे. सुकतीला कोरडा असतो, म्हणून नवख्याला दिसत नाही. पाणी आलं की आधी तो भरतो, खडक नंतर. माणूस खडकावर कोरडा उभा असतो आणि मागची वाट गेलेली असते. आमच्या लहानपणी त्या चराने एक जण नेला होता. तो वर आला तेव्हा... जाऊ दे, ते आत्ता नको.

दिपाली अनवाणी धावत सुटली. मी घरातली दोरी उचलली आणि माझ्याच्याने होईल तसा मागून. सखुबाई ओरडत होती, "काय झाला गो? दिपाली, काय झाला?" आणि मागून तीही निघाली.

आम्ही पोचलो तेव्हा चरात गुडघाभर पाणी होतं आणि ते जोरात ओढत होतं. पलीकडे बॅटऱ्या हलत होत्या, मुलांचं हसणं ऐकू येत होतं. मी तोंडाशी हात धरून ओरडलो, "ओ बाई! फिरा मागे! पाणी आलं!"

एक बाई कडेला आली. मागाहून कळलं, ती शर्मिष्ठा, मुलुंडच्या शाळेतली विज्ञानाची शिक्षिका. सुट्टीच्या दिवशी मुलांना समुद्रातले जीव दाखवायला आणते. ती शांतपणे म्हणाली, "काका, घाबरू नका, अजून सुकती व्हायचीय. सहाला आहे. आम्ही वेळ बघूनच आलोय."

"ती वेळ चुकलीय!" दिपाली किंचाळली. "यादी चुकलीय!"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी केलीय ती! मी मेंटेनर आहे!"

पलीकडून एक पुरुष म्हणाला, "कोण आहे म्हणतात त्या?" तेवढ्यात शर्मिष्ठाने बॅटरी खाली वळवली आणि तिला चर दिसला. ती मागे वळून मुलांना हाका मारायला लागली, आणि त्या हाकांवरून मला कळलं की तिलाही आता समजलंय.

मी दोरीचं एक टोक अलीकडच्या दगडाला बांधलं. दुसरं टोक पलीकडे न्यायला कोणीतरी हवं होतं. मी पुढे झालो तर दिपालीने दोरी माझ्या हातातून ओढून घेतली. "तुमचे गुडघे, बाबा," एवढंच म्हणाली आणि पाण्यात उतरली. मांडीपर्यंत. चंद्राच्या उजेडात मला तिचा चेहरा दिसत होता. डोळे घट्ट मिटलेले. डोळे मिटून चर ओलांडणारं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

पलीकडे तिने टोक खडकाला बांधलं आणि दोरी धरून एकेक जण यायला लागला. आधी मुलं, मोठ्यांच्या खांद्यावर. सखुबाई अलीकडे उभी राहून प्रत्येकाला हाताला धरून ओढत होती आणि शिव्या देत होती, त्या इथे लिहिता येणार नाहीत. शर्मिष्ठा खडकावर उभी राहून मोजत होती. सात मुलं आणली होती. "सहा," ती म्हणाली. पुन्हा मोजली. "सहाच आहेत. अनय कुठेय? अनय!"

ती खडकाच्या कडेकडेने बॅटरी फिरवायला लागली.

दिपाली कमरेएवढ्या पाण्यातून उलटी वळली आणि खडकावर चढली. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मी देवाशी बोलत होतो. म्हणत होतो, झकास मी म्हटलं होतं, मी, तिने विचारलं होतं. खडकाच्या समुद्राकडच्या अंगाला एका खळग्यापाशी तो पोरगा उकिडवा बसला होता, बॅटरीच्या उजेडात खेकडा बघत. त्याला हाकाच ऐकू गेल्या नव्हत्या. दिपाली त्याला काखोटीला मारून घेऊन आली. शेवटी ती दोघं आणि शर्मिष्ठा चर ओलांडून आली, तेव्हा पाणी दिपालीच्या छातीला लागत होतं आणि दोरी ताणून कुरकुरत होती.

वाळूवर बसल्यावर मुलं हसायला लागली, मोठी माणसं पुन्हा पुन्हा त्यांची डोकी मोजत होती. मला वाटलं, आता आभार मानतील. शर्मिष्ठा दिपालीसमोर येऊन उभी राहिली. ओली, केस तोंडावर आलेले.

"आईबापांनी माझ्या भरवशावर मुलं दिली होती," ती म्हणाली. "आणि मी तुमच्या भरवशावर आले होते."

दिपाली म्हणाली, "हो."

तिने कारण सांगितलं नाही, माझं नाव घेतलं नाही. शर्मिष्ठा तशीच वळून मुलांकडे गेली.

घरी आल्यावर ओल्या कपड्यांनीच ती कॉम्प्युटरपाशी बसली. मी म्हटलं, "पोरी, सगळे वाचले. आता गुपचूप दुरुस्त करून टाक. कोणाला कळायचंही नाही." खरं सांगतो, मी तसं म्हटलं. सातवी पास माणसाची अक्कल तिथपर्यंतच गेली.

"बाबा, सूर्योदयाच्या आधी पाण्यात जाणारे हेच एकटे आहेत का? गुरुवारपासून किती जणांनी ही यादी घेतली असेल? मी नाही सांगितलं तर त्यांना कोण सांगणार?"

तिने आधी ती यादी मागे घेतली. मग सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहिलं, इंग्रजीत आणि मराठीत. मराठी मला वाचून दाखवलं. "गुरुवारी सोडलेली पाणवेळ वापरू नका. मध्यरात्र ते सूर्योदय या काळातल्या वेळा आदल्या दिवसाखाली गेल्या आहेत. आज सकाळी मढ येथे यामुळे एकोणीस माणसं अडकली होती, त्यांत सात मुलं होती. सर्व सुखरूप आहेत. चूक माझी आहे." खाली पूर्ण नाव. मी म्हटलं, "माझं पण घाल, झकास मीच म्हटलं होतं." ती म्हणाली, "तुमच्याकडे किल्ली नाही, बाबा."

दुपारपर्यंत उत्तरं आली. कोणी लिहिलं की बरं झालं सांगितलंत, आमची होडी उद्या पहाटे निघणार होती. कोणी लिहिलं की अशा बाईच्या हातात हे दिलंच कोणी. ते दुसरं तिने तीनदा वाचलं. मग बोरिवलीहून फोन आला. तिने आवाज मोठा करून ठेवला, म्हणून मलाही ऐकू आलं.

श्यामसुंदर म्हणाले, "उत्तराने वाचून दाखवलं मला. दिपालीताई, तुमच्या जागी मी असतो तर लिहिलं नसतं."

"का, सर?"

"कारण मी लिहिलं नव्हतं. दोनदा चुकलो होतो. फार वर्षं झाली. कोणाला कळण्याआधी दुरुस्त करायचं ठरवलं."

"केलं ना दुरुस्त?"

तिकडे मागे उत्तराबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"एक केलं. दुसरं केलं की राहिलं, ते आता आठवत नाही. कुठल्या बंदराचं होतं तेही आठवत नाही. लिहून ठेवलं असतं तर..."

फोन ठेवल्यावर सखुबाईने दिपालीचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. मला वाटलं, आता ही किल्ली परत करणार. केली असती तर मी तिला एका शब्दाने बोललो नसतो.

तिने हात सोडवून घेतला आणि बंदरांची यादी काढली. दोनशे अकरा बंदरं. म्हणाली, "बाबा, पंचांग आणा. जुनीही आणा, जेवढी असतील तेवढी."

तेव्हापासून रोज ती ऑफिसातून आली की आम्ही बसतो. मी तिथी वाचतो, ती वेळ वाचते, आणि दोघांनी मान हलवल्याशिवाय पुढचं बंदर घेत नाही. आतापर्यंत एकशे चाळीस झाली. एक चूक सापडली होती, पण ती दुरुस्त केलेली निघाली. दुसरी अजून सापडलेली नाही.